लॉगिन होते, पण पडदा मिटतो : दोष कोठे शोधावा?

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडील काही व्यापारी बांधवांचे दुकान गावी आणि हिशेबाचा कॉम्प्युटर मुंबईच्या पेढीत असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर या किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नव्हती, हे पाहता खातेवही दूर ठेवणे शहाणपणाचेच. पण दुकानातून नाव व पासवर्ड टाकावा, तिकडचा पडदा क्षणभर उघडावा आणि लगेच मिटावा, ही तक्रार आम्ही पुष्कळदा ऐकतो. दरमहा जीएसटी भरणाऱ्यास विक्रीच्या रिटर्नची ११ तारीख जवळ आलेली असते. दुरुस्तीवाला "फॉरमॅट करावे लागेल" म्हणाला की घाबरलेला माणूस होकार देतो. बॅकअप नसेल तर त्यात वर्षाचा हिशेब जातो.

पासवर्ड चुकला असता तर आत घेतलेच नसते. टेलिफोनची लाइन बंद असती तर नाव विचारण्यापर्यंतही मजल गेली नसती. म्हणजे कुलूप उघडले, पण आत बैठक मांडली गेली नाही. दोष पलीकडच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. टेलिफोनवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही.

तो कॉम्प्युटर लिनक्सचा असेल तर हे काम बहुधा एक्सआरडीपी हा फुकट मिळणारा प्रोग्राम करतो. तेथे नेहमीचे कारण अगदी साधे असते. पेढीतला मुनीम त्याच नावाने त्याच कॉम्प्युटरवर बसलेला असतो, आणि एकाच नावाच्या दोन बैठका तेथे सहसा चालत नाहीत. त्यास लॉगआउट करावयास सांगावे, नाहीतर दूरच्या कामासाठी वेगळे नाव काढून घ्यावे.

तरीही जमले नाही तर एक नवे नाव तयार करून त्याने आत जाऊन पाहावे. ही परीक्षा आम्हांला सर्वांत भरवशाची वाटते. नव्या नावाने पडदा टिकला तर यंत्र ठीक आहे, बिघाड जुन्या नावाच्या फाइलींत आहे. कधी डॉट एक्सऑथॉरिटी या फाइलीची मालकी रूटकडे गेलेली असते, कधी डॉट एक्ससेशन फाइलीत कोणता डेस्कटॉप उघडावा हे चुकीचे लिहिलेले असते. दोन्ही कामे काही मिनिटांची आहेत. नवे नावही टिकले नाही तर डिस्क भरली आहे का ते पाहावे. एक छोटी फाइल लिहावयास जागा नसली तरी बैठक मोडते.

विंडोजची गोष्ट निराळी. साध्या विंडोजमध्ये एका वेळी एकच माणूस बसू शकतो. दुसरा आत आला की पहिला बाहेर पडतो. तेथे बिघाड शोधू नये, मुनिमाला फोन करावा.

दुरुस्तीवाल्यास बोलावणेच आले तर घरच्या फोल्डरमधील डॉट एक्ससेशन एरर्स ही फाइल आधी उघडावयास लावावी. पडदा का मिटला ते बहुतेक वेळा तिच्या शेवटच्या ओळींत लिहिलेले असते. ती वाचल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नये.