दोन जाळी आणि मधला सांधा : खासगी टेलिफोन यंत्रणा सार्वजनिक जाळ्याला जोडतानाचा करार

आजचा विषय नावाला कोरडा आहे. पण ज्यांचा दवाखाना आहे, जिनिंग आहे, पतसंस्था किंवा कॉलेज आहे, त्यांच्या कपाटात या विषयाचा एक कागद हमखास पडलेला असतो. ईपीएबीएक्स बसवताना टेलिफोन कंपनीनं सही घेतली, तो कागद. बहुतेकांनी तो सहीच्या जागेपुरताच पाहिलेला असतो. आम्ही अमरावती-अकोल्याकडे ही यंत्रणा बसवायची आणि बिघडली की दुरुस्त करायची कामं बरीच वर्षं केली. भांडणं झाली ती यंत्रावरून कमी, कागदावरून जास्त. म्हणून आज तो कागद वाचू या.

सुरुवात मूर्तिजापूरपासून करू. आपली शकुंतला सगळ्यांना माहीत आहे. अचलपूर आणि यवतमाळकडून येणारी ही छोटी लाइन, रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. मालकी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या घराण्यातल्या खासगी कंपनीची, आणि गाड्या चालवणारी मोठी रेल्वे वेगळी. मूर्तिजापूरला दोन्ही लाइनी भेटत, पण छोटा डबा मोठ्या रुळावर चढत नसे. माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. आता बघा, गाठ फलाटावर भिजली तर नुकसान कोणाचं? हमालीचे पैसे कोणी द्यायचे? ही उत्तरं रुळांत सापडत नाहीत, करारात सापडतात.

टेलिफोनचंही तसंच आहे. तुमच्या इमारतीतले पन्नास-शंभर एक्स्टेन्शन म्हणजे छोटी लाइन. त्यावर आतल्या आत कितीही बोला, कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. बाहेर फोन लावायचा झाला की मूर्तिजापूर लागतं. पूर्वी तिथे दोन-चार जंक्शन लाइनी असत. मग पीआरआय आली. एका पीआरआयवर ३० जण एकाच वेळी बोलू शकतात. आता सिप ट्रंक आहे, म्हणजे तोच सांधा इंटरनेटच्या पद्धतीनं जोडलेला.

हा सांधा आपल्या मर्जीनं का जोडता येत नाही? १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या कलम ४ नं तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला. सरकार परवाना देईल त्यानंच ती चालवायची. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला तरी परवानगीचं मूळ तत्त्व तेच राहिलं. कंपनीकडे परवाना असतो, तुमच्याकडे नसतो. परवान्यातल्या अटी कंपनी तुमच्या करारात उतरवते, आणि सही केली की त्या तुमच्याही होतात.

आता कलमांकडे येऊ. चार गोष्टी बघायच्या.

पहिली, हद्द. कंपनीची जबाबदारी कुठे संपते आणि तुमची कुठे सुरू होते? भिंतीवरच्या डीपी बॉक्सशी, कंपनीच्या मोडेमशी, की तुमच्या यंत्राच्या कार्डाशी? मिरगाच्या पहिल्या पावसात वीज कडाडते आणि ट्रंक कार्ड जळतं. कंपनी म्हणते, ‘आमची लाइन ठीक आहे.’ यंत्र विकणारा म्हणतो, ‘वीज लाइनीतून आली.’ आणि मालक आम्हाला विचारतो, ‘मंग पैसे म्या काहून भरावं?’ हद्द कागदावर लिहिलेली नसेल तर या प्रश्नाला उत्तर नसतं. म्हणून ती नकाशासह लिहून घ्या. अर्थिंग कोणी करायचं, तेही त्याच ओळीत.

दुसरी, कॉलची जबाबदारी. ‘या जोडणीवरून झालेल्या सर्व कॉलचं बिल ग्राहक भरेल’ अशा अर्थाचं एक वाक्य असतंच. साधं दिसतं, पण सगळ्यात महाग तेच पडतं. अनेक यंत्रांत बाहेरून फोन करून, पासवर्ड टाकून आतली लाइन घेण्याची सोय असते. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेला नसेल तर भामटे रात्रभर तुमच्या लाइनीवरून परदेशी फोन लावतात. कॉल तुमच्या जोडणीवरून झाला, हे तर खरंच असतं! तेव्हा आयएसडी नको असेल तर कंपनीकडूनच बंद करून घ्या, दररोजच्या बिलाची मर्यादा लिहून घ्या, आणि वापर अचानक वाढला तर कंपनीनं कळवायचं, हेही मागा.

तिसरी, सांध्यातून काय न्यायचं नाही. अमरावतीचा कोड ०७२१, अकोल्याचा ०७२४. दोन्हीकडे शाखा असलेल्या संस्थेला वाटतं, मधे एक लीज्ड लाइन टाकली की अकोल्याचा कॉल अमरावतीतून बाहेर काढता येईल आणि एसटीडी वाचेल. याला टोल बायपास म्हणतात. जुन्या करारांत याला सरळ मनाई असे. एक कारण महसुलाचं, दुसरं सुरक्षेचं, कारण कॉल खरा कुठून आला ते लपतं. दूरसंचार विभागानं नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये कॉल सेंटरसारख्या संस्थांचे नियम बरेच सैल केले. पण परवाना नसलेल्यानं टेलिफोन सेवा विकायला सुरुवात करावी, अशी मुभा त्यात नाही.

आम्ही लोकांना दंडाची भीती घालत नाही, आगीचं उदाहरण देतो. समजा अकोल्याच्या शाखेत आग लागली आणि कोणी १०१ लावला. तो कॉल सार्वजनिक जाळ्यात शिरला अमरावतीत. एक्स्चेंजला तो अमरावतीचाच वाटणार. मग घंटी अमरावतीच्या अग्निशमन केंद्रात वाजू शकते, सुमारे शंभर किलोमीटर दूर. म्हणून अनेक शाखांना एकच सिप ट्रंक घ्यायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्या, आणि प्रत्येक शाखेतून आपत्कालीन कॉल त्याच गावात बाहेर पडतो का, ते कंपनीला कळवून तपासून बघा.

चौथी, क्षमता आणि मुदत. गर्दीच्या वेळी बाहेरच्याला एंगेज टोन येत असेल तर जादा चॅनल किती दिवसांत मिळणार? दुरुस्ती किती तासांत? करार संपला तर नंबर कोणाकडे राहणार?

यातली मेख समजायला मोठ्यांचं भांडण बघा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली. तिचे ग्राहक एअरटेल, व्होडाफोन, आयडियाच्या ग्राहकांना फोन लावायचे, पण सांध्यावर पुरेसे पोर्टच नव्हते. नियम असा की सांध्यावर हजारात पाचपेक्षा जास्त कॉल अडू नयेत. इथे त्याहून खूप जास्त अडत होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायनं तिन्ही कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली. पुढे २०१८ च्या नियमांत लिहिलं गेलं की मागणी आल्यापासून ३० दिवसांत, भेदभाव न करता, आंतरजोडणीचा करार करायचा.

म्हणजे दोन परवानाधारक कंपन्यांच्या सांध्यावर ट्रायची नजर आहे. तुमच्या सांध्यासाठी तसा ३० दिवसांचा नियम नाही. तुम्ही कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जाऊ शकता, तिथून अपिलात जाऊ शकता. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पण सेवा धंद्यासाठी घेतली असेल तर कायद्यानं तुम्ही ‘ग्राहक’ ठरता का, इथूनच वाद सुरू होतो. थोडक्यात, मोठ्यांना नियमाचा आधार आहे, तुम्हाला मुख्यतः तुमच्या कागदाचा. त्यात जे लिहून घेतलं नाही, ते नंतर मागता येणं कठीण.

शेवटी एक प्रश्न नेहमी येतो : ‘कारखान्यात स्वतःचं ५जी जाळं टाकलं तर ही कटकट सुटेल का?’ जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे कंपनीला स्वतःपुरतं जाळं उभारता येतं. पण त्या परवान्याची अट आहे की हे जाळं सार्वजनिक जाळ्याला जोडायचंच नाही. तिथे मूर्तिजापूरच नाही! आत बोला, यंत्रं चालवा. बाहेर फोन करायला वेगळी जोडणी घ्यावीच लागेल, आणि तिच्यासोबत करारही येईल.

तर घरी गेल्यावर एवढं करा. कपाटातून तो कागद काढा, चार कलमांखाली पेन्सिलीनं रेघ ओढा. एखादं कलम सापडलं नाही, तर कराराचं नूतनीकरण होण्याआधी पत्र लिहा आणि त्याची पोच घ्या. सही करण्याआधी कंपनी तुमचं ऐकते, त्यानंतर तुम्हाला तिचं ऐकावं लागतं.