चित्राच्या पाठीवरची किंमत

१९ डिसेंबर २०१३. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात क्रिस्टीज या लिलावगृहाचा भारतातला पहिला लिलाव रंगला होता. वासुदेव गायतोंडे यांचे १९७९चे एक चित्र पुकारले गेले. अंदाज होता साडेसहा ते साडेआठ कोटींचा. बोली लागली आणि कमिशन धरून ते २३ कोटी ७० लाखांना गेले. चित्राला शीर्षक नव्हते. त्यात माणूस नव्हता, झाड नव्हते, गोष्ट नव्हती. आणि चित्रकाराला जाऊन १२ वर्षे झाली होती.

मग एवढे पैसे मोजले कशाचे?

पहिले कारण दुर्मीळपणाचे. मूळचे गोव्याचे, नागपुरात जन्मलेले आणि जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले गायतोंडे पुढे दिल्लीत निजामुद्दीनच्या छोट्याशा बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिले. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, खरवडत ते काम करत. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे पुरी होत. त्यामुळे एखादे बाजारात आले की पुढचे कधी येईल, हे कोणालाच सांगता येत नाही. २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि मागणीत जगभरच्या संग्राहकांची भर पडली. २०२५मध्ये त्यांच्या १९७०च्या एका चित्राने ६७ कोटींचा टप्पा ओलांडला.

चित्रकार एम. एफ. हुसेन यांचे नेमके उलटे. त्यांनी आयुष्यभर हजारोंनी चित्रे काढली. म्हणून तिथे जाणकार आधी विचारतो, कोणत्या वर्षाचे? १९५४चे ‘ग्रामयात्रा’ हे जवळजवळ १४ फुटी चित्र त्यांच्या उमेदीच्या काळातले. एका डॉक्टरांनी ते विकत घेतले, नॉर्वेला नेले, आणि पुढे ते ऑस्लोतल्या रुग्णालयाकडे आले. काही दशके ते लिलावात फिरकलेच नाही. मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कला ते १ कोटी ३७ लाख डॉलरना, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले.

या चित्राचा प्रवास असा सलग सांगता आला, हीसुद्धा त्याच्या किमतीतली मोठी बाब. नामवंतांच्या नकलांचा सुळसुळाट असल्याने खरेदीदार चित्र उलटे करून पाहतो. पाठीवरची सही, तारीख, गॅलरीची चिठ्ठी, जुन्या प्रदर्शनाचा शिक्का, कॅटलॉगमधला फोटो, पहिल्या विक्रीची पावती. यातला एखादा दुवा निखळला की चित्र कितीही देखणे असले तरी बोली थंडावते.

किमतीत कायद्याचाही हात असतो. अमृता शेरगिल, राजा रविवर्मा, रवींद्रनाथ टागोर अशा नऊ चित्रकारांची कामे राष्ट्रीय कलासंपदा मानली जातात. त्यातली भारतात असलेली देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे अशा चित्रांवर बोली लावणारे बहुधा भारतातलेच असतात. तरीही २०२३मध्ये शेरगिल यांच्या १९३७च्या ‘द स्टोरी टेलर’ला ६१ कोटी ८० लाख मिळाले.

या सगळ्या व्यवहारात खुद्द चित्रकार कुठे असतो? बहुतेक वेळा पहिल्या विक्रीपाशीच थांबलेला. नंतरचा नफा मालकांचा. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३ अ नुसार मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला किंवा वारसांना जास्तीत जास्त १० टक्क्यांपर्यंत हिस्सा मिळू शकतो. ज्यांनी रंगात आयुष्य घातले त्यांच्यासाठीची ही तरतूद बव्हंशी कागदावरच राहिली आहे, याची खंत वाटते.

नवोदितांचा हिशेब साधा असतो. नाव झालेले नसते, तेव्हा कित्येकदा चौरस इंचावर दर ठरतो. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर मांडलेले एखादे चित्र आवडून घरी नेणाऱ्याने चित्रकाराकडून पाठीमागे सही, नाव आणि तारीख लिहून घ्यावी, पावती पाकिटात घालून जपून ठेवावी. त्या चित्राच्या इतिहासातली ती पहिली नोंद.