परवलीच्या शब्दाचे रक्षण

संकेतस्थळावरील पान ज्या संगणकावर लिहिले जाते, त्याच संगणकावर ते बहुधा राहत नाही. ते दूर कोठे तरी, अहोरात्र चालू असणाऱ्या सर्व्हर नावाच्या संगणकावर ठेवलेले असते. म्हणून पानात काही सुधारणा केली, की त्याची फाइल सर्व्हरकडे धाडावी लागते. पाने संपादन करण्याच्या अनेक साधनांतच ही सोय केलेली असते.

फाइल धाडण्याची एफटीपी नावाची पद्धत १९७१ साली अभय भूषण यांनी प्रथम मांडली. ते कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर असून त्या वेळी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत होते. त्या काळी जाळ्याने जोडलेले संगणक मोजकेच होते. चोरीचे भय फारसे नव्हते. त्यामुळे या पद्धतीत वापरणाऱ्याचे नाव, त्याचा परवलीचा शब्द आणि फाइल, ही सर्व उघड्या पोस्टकार्डावरील मजकुरासारखी जात.

पुढे हे जाळे जगभर पसरले आणि तीच सरळ पद्धत धोक्याची ठरली. वाटेत टपून बसलेल्या एखाद्याने परवलीचा शब्द टिपला, तर तो मालकाच्या नावाने सर्व्हरमध्ये शिरतो व हवे ते पान बदलतो. शाळेच्या पानावरील परीक्षेची तारीख कोणी अशी बदलली, तर किती विद्यार्थी फसतील! आणि दोष मात्र शाळेच्या माथी येईल.

१९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द असेच चोरले गेले. तेव्हा तेथील संशोधक तातू इलोनेन यांनी एसएसएच ही सुरक्षित पद्धत निर्माण केली. तिच्याच आधारे पुढे एसएफटीपी ही पद्धत आली. हिच्यात फाइल निघण्यापूर्वी दोन्ही संगणक एक गुप्त किल्ली ठरवितात. नवल हे, की ती किल्ली वाटेवरून मुळीच जात नाही. दोघेही एकमेकांस काही संख्या कळवितात आणि त्यांवरून आपापल्या ठिकाणी एकच किल्ली तयार करतात. सर्व्हर आपली ओळखही पटवून देतो. त्यानंतरच परवलीचा शब्द व फाइल सांकेतिक रूपात रवाना होतात. वाटेत कोणी त्या पकडल्या, तरी त्याच्या हाती निरर्थक अक्षरांखेरीज काही लागत नाही.

ही सोय संपादनाच्या साधनातच असणे अगत्याचे आहे. कारण सुरक्षित वाट जवळ नसली, की मनुष्य सवयीने जुन्या उघड्या वाटेनेच जातो. म्हणून साधनाने सुरक्षित वाटच प्रथम पुढे ठेवावी आणि सर्व्हरची ओळख अचानक बदललेली दिसल्यास वापरणाऱ्यास सावध करावे. क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांनी तर २०२१ साली एफटीपीची सोयच काढून टाकली.

तथापि सांकेतिक लेखन रक्षण करते ते केवळ वाटेवर. परवलीचा शब्द सोपा ठेवला, किंवा मित्राच्या कानात सांगितला, तर कोणतीही पद्धत कामी येत नाही. दाराला कुलूप भक्कम असावे, हे खरे. पण किल्ली उंबरठ्यावर ठेवू नये, हेही तितकेच खरे.