रंध्याच्या मुक्कामी

पुण्यातून शनिवारी दुपारी निघायचं, पवना धरणाच्या काठी कुणीतरी आधीच उभारून ठेवलेल्या तंबूत शिरायचं, रात्री कोंबडी भाजायची, कराओकेवर किशोरकुमारला छळायचं आणि रविवारी पोहे खाऊन लोणावळ्याच्या गर्दीत सापडायचं. या सुट्टीला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच, की तंबूत राहायचंच आहे तर सोबत एक रंधा, एक करवत, दोन पटाश्या आणि शिकवणारा मिस्त्री असू द्या. गेली कित्येक वर्षं मी हे भेटेल त्याला सांगते आहे. त्यामुळे आमच्याकडच्या लग्नकार्यांत माझ्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असते.

सुतारकाम पुण्यातच शिकता येत नाही का? येतं. रविवारचे वर्ग भरतात, त्यांतल्या एकाला मीही जाऊन आले. वातानुकूलित खोली, आधीच यंत्रावर कापून, घासून, भोकं पाडून ठेवलेले तुकडे. आपण ते स्क्रूने जोडायचे, वर पॉलिश फिरवायचं, फोटो काढायचा. माझ्या मते हे सुतारकाम नव्हे, जोडकाम आहे. हे काम शिकायला मुक्काम लागतो, कारण ते तासांत मावत नाही. फेविकॉल लावून शिकंजात आवळलेला सांधा पक्का व्हायला रात्र जाते. पहिल्या दिवशी करवत चालवून दंड भरून येतात आणि हाताला जमू लागतं ते झोप झाल्यावर. शिवाय आठवड्यातून दोन तास येणाऱ्याचा अर्धा तास हत्यारं काढण्यात आणि अर्धा ती ठेवण्यात जातो. मधल्या तासात फळी हाताला ओळख देत नाही.

हे ज्याला सगळ्यांत आधी आणि नीट कळलं तो माणूस स्वीडनचा, ओटो सॉलोमन. गॉटेनबर्गजवळ नेस नावाची इस्टेट आहे, तळ्याकाठची. ऑगस्ट अब्राहमसन या व्यापाऱ्याने ती १८६८ साली विकत घेतली आणि त्याच्या या भाच्याने तिथे हस्तकामाची शाळा काढली. उन्हाळ्यात शाळांना सुट्टी लागली की देशोदेशीचे शिक्षक नेसला येत, काही आठवडे तिथेच राहत, दिवसा लाकूड तासत आणि संध्याकाळी खेळत, नाचत. यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी करवत धरलेली नसे. सॉलोमनने त्यांच्यासाठी वस्तूंची एक चढती मालिका बसवली होती. सुरुवात साध्या टोकदार काडीपासून आणि हत्यार फक्त चाकू, कारण चाकू शेतकऱ्याच्या पोराला आधीच माहीत असतो. मग एकेका वस्तूला एकेक नवं हत्यार, एकेक नवी क्रिया. अट अशी, की वस्तू घरात वापरता आली पाहिजे आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाने केली पाहिजे. सरावाचे सांधे करायचे आणि फेकून द्यायचे, हा प्रकार त्याला मान्य नव्हता. मलाही नाही.

अमेरिकेत हीच कल्पना पुढे चांगली रुजली. नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्रासटाउनला १९२५ साली जॉन सी. कॅम्बेल फोक स्कूल सुरू झालं. तिथे आजही आठवडाभराचे वर्ग चालतात आणि ज्यांना खोली नको त्यांना तंबू ठोकायला जागा मिळते. त्याच राज्यातल्या डोंगरात ड्रू आणि लुईझ लँग्सनर या जोडप्याने १९७८ साली स्वीडनहून विले सुंडक्विस्ट या कारागिराला बोलावलं आणि आपल्या शेतावरच ओल्या लाकडाचे चमचे करायचा वर्ग घेतला. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं ते शेत म्हणजे हौशी सुतारांचं पंढरपूर होतं.

आपल्याकडची पार्श्वभूमी थोडक्यात उरकते, कारण मला पाबळला पोचायची घाई आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं, झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रम केला, त्यात सूतकताई आणि शेतीसोबत लाकूडकामही होतं. बाबा आमट्यांनी १९६७ पासून सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवली, तेव्हा मराठी पोरांना मे महिन्याच्या सुट्टीत घाम गाळायला जायची सवय लागली. झालं.

पाबळ पुणेकरांना माहीत असतं ते मस्तानीच्या कबरीमुळे. शिक्रापूरहून राजगुरुनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, शिरूर तालुक्यातलं हे दुष्काळी गाव. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग आले. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, मग म्हैसूरची केंद्रीय संशोधन संस्था, मग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली वरिष्ठ जागा. निवृत्तीनंतर असा माणूस कोथरूडला फ्लॅट घेतो. यांनी पत्नी मीराताईंसह माळरानावर बस्तान मांडलं आणि भारतीय शिक्षण संस्थेच्या आधाराने विज्ञान आश्रम उभा केला. शाळेत न रमलेली, दहावीला अडलेली पोरं गोळा केली. त्यांना वर्षभर तिथेच ठेवायचं आणि वर्कशॉप, ऊर्जा, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य ही सगळी कामं एकाच पोराला शिकवायची. नुसती शिकवायची नाहीत. गावातल्या माणसाचं खरं काम घ्यायचं, करून द्यायचं आणि त्याचे पैसेही घ्यायचे. गिऱ्हाइकाचं दार बसलं नाही तर पोराला गुणपत्रिका लागत नाही, उत्तर समोरच असतं.

आश्रमाचे लोखंडी सांगाड्याचे घुमट प्रसिद्ध आहेत. १९९३ च्या लातूर भूकंपानंतर तसे घुमट तिकडेही उभे राहिले. २००२ साली एमआयटीच्या नील गर्शेनफेल्डच्या सहकार्याने इथे फॅब लॅब आली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी. संगणकावर चालणारी यंत्रं आणि हातकरवत एकाच आवारात. डॉ. कलबाग २००३ साली गेले, आश्रम चालू आहे. मी गेले होते तेव्हा एक मुलगी वेल्डिंग करत होती आणि पलीकडे एक मुलगा फळीची कड गुण्याने तपासत होता. मी विचारलं, ‘‘किती वेळ चालणार?’’ तो मान वर न करता म्हणाला, ‘‘उजेड दिसायचा बंद होईपर्यंत.’’ गुण्या आणि लाकूड यांच्या मधून दिसणारा उजेड.

पाबळचं वर्ष सुट्टीत मावत नाही. म्हणून आम्ही काही हौशी मंडळी आमच्या परीने तोडगा काढतो. वेल्ह्याकडे, तोरणा दिसतो अशा एका मित्राच्या शेतात आंब्याखाली तंबू पडतात आणि गावातलेच एक वयस्क मिस्त्री शिकवायला येतात. यांनी तरुणपणी पाभरी, कुळव आणि बैलगाडीची चाकं केली. नंतर ट्रॅक्टर आले तसे ते पुण्यात प्लायवूडची कपाटं करायला गेले आणि आता परत आले आहेत. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना काका.

पहिला दिवस धारेचा असतो. नवशिक्यांना हे पटत नाही. पैसे भरून आलेला माणूस दगडावर पातं घासत बसायला तयार नसतो. पण बाजारातून आणलेल्या रंध्याचं पातं लाकूड कापत नाही, ओरबाडतं. कार्बोरंडमचा दगड, त्याची एक बाजू खरबरीत, एक मऊ. आधी पात्याची पाठ सपाट करायची. मग पुढची उतरती बाजू पंचवीस-तीस अंशांत धरून घासत राहायचं, पाठीमागे बोटाला बारीक काट लागेपर्यंत. ती काट लागली की धार टोकाला पोचली. मग मऊ बाजूवर ती काट काढून टाकायची. एका आयटीवाल्याने काकांना विचारलं, की याला किती वेळ द्यायचा. काका म्हणाले, ‘‘तुमचा हात थांबंल तवर न्हाई, लाकूड बोलंल तवर.’’ दुपारी त्याच्या रंध्यातून कागदाइतकी पातळ, अखंड वळी निघाली, तेव्हा तो ती खिशात घालून फिरत होता.

आणि आता पाट. माझ्या मते मराठी माणसाच्या सुतारकामाची सुरुवात पाटापासून व्हावी. स्वीडनला चमचा, आपल्याला पाट. दिसायला काय, एक फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. पण लाकडाचा अर्धा स्वभाव त्यात येतो.

लाकूड कापल्यानंतरही हलत राहतं. हवेतला ओलावा पितं आणि सोडतं, फुगतं आणि आकसतं. मात्र सगळ्या दिशांनी सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत भरपूर. साग हे शहाणं लाकूड मानतात. तेही ओलं असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वर्तुळांच्या दिशेने सुमारे पाच टक्के आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेने त्याच्या निम्म्याने आकसतं. आता पुण्याची हवा बघा. एप्रिलच्या दुपारी ओठ फुटतात आणि जुलैत पापड सादळतात. फूटभर रुंद फळी या दोन टोकांमध्ये तीन-चार मिलिमीटर सहज सरकते. फळीच्या डोक्याला वर्षवर्तुळांच्या कमानी दिसतात. सुकताना त्या सरळ व्हायला बघतात, म्हणून सालीकडची बाजू खोलगट होते आणि गाभ्याकडची फुगीर. म्हणूनच पाटाला गाभ्याची बाजू वर ठेवावी. वाकलाच तर वर फुगतो, पाणी साचत नाही.

पाट वाकू नये म्हणून खाली पट्ट्या. पण पट्टीची रेषा फळीच्या रेषेला आडवी, म्हणजे फळी जिथे हलू बघते तिथे पट्टी ढिम्म उभी. ती पूर्ण लांबीभर फेविकॉलने चिकटवली, की उन्हाळ्यात आकसणाऱ्या फळीला वाट मिळत नाही आणि एखाद्या रात्री फटाक्यासारखा आवाज होऊन पाट मधून उलतो. जुन्या पाटांची तळबाजू पाहिली की कळतं, की चांगल्या सुतारांनी हे ओळखलं होतं. फळीत आडवी खोबण, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद. पट्टीलाही तसाच आकार. पट्टी एका कडेने ठोकत सरकवायची. ती फळीला सपाट धरून ठेवते आणि तरी फळीला रुंदीत हलू देते. गोंद लावायचाच तर फक्त मधोमध, बोटभर. नवशिक्याला ही खोबण अवघड जाते. त्याने मधे एक पक्का स्क्रू आणि दोन्ही टोकांना लांबट भोकांतून स्क्रू मारावेत. तत्त्व तेच.

एकदा हे कळलं की माणूस सगळीकडे वाकून बघायला लागतो. पॅनलच्या दारात मधली फळी चौकटीच्या खाचेत सुटी का असते, पावसाळ्यात न्हाणीघराचं दार का घासतं, महाग टेबल हिवाळ्यात का तडकतं. हल्ली जाड फळीच्या भेगांत निळं रेझिन ओतून नदी केलेली टेबलं निघाली आहेत. लाकडाला कुठे हलायचं आहे हे न विचारता केलेला तो थाट मला बघवत नाही.

इथे मला वाड्यांत शिरल्याशिवाय राहवत नाही. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० च्या जानेवारीतली. दगड चिंचवडच्या खाणींचा, चुना जेजुरीचा आणि साग जुन्नरच्या जंगलातला. १८२८ च्या आगीत तो साग कित्येक दिवस जळत राहिला. काय सुतारकाम गेलं असेल, या विचाराने मला अजून वाईट वाटतं. मग उतारा म्हणून मी विश्रामबागवाड्यापुढे जाऊन उभी राहते. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. बाजीराव रस्त्याची रहदारी पाठीशी घ्यायची आणि वर सज्जाकडे, त्या सुरूच्या आकाराच्या कोरीव खांबांकडे बघत राहायचं. नक्षी सगळेच बघतात. मी तळखडा, खांब, हस्त, तुळई असा भार खाली कसा उतरतो ते बघते. तुळईला कुसू काढायचं, ते खाचेत बसवायचं, वरचं वजनच सांध्याला घट्ट करतं. शिबिरात दुसऱ्या दिवशी आम्ही कुसू आणि खाच करतो तेव्हा खाच आधी आणि कुसू नंतर, हा काकांचा नियम. पटाशीच्या रुंदीने खाच ठरते, कुसू तासून तिच्या मापाला आणता येतं.

ज्यांना स्वतःचं असं शिबिर जमवायचं आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. पावसाळा टाळा, डिसेंबर-जानेवारी उत्तम, हात गारठतात पण घाम लाकडावर पडत नाही आणि हत्यारं गंजत नाहीत. रविवार पेठेत बोहरी आळीत हत्यारं मिळतात. संच घेऊ नका, सुटी घ्या: एक करवत, एक लोखंडी रंधा, पाव आणि पाऊण इंची पटाशी, गुण्या, लाकडी मोगरी, धारेचा दगड. हौस असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात फिरा; गंजलेलं, पण पोलाद चांगलं असलेलं पातं तिथे सापडतं आणि वर घासाघीस करायचा आनंद. लाकूड भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून. पहिल्या पाटाला बल्लारशाचा साग नको, सिल्व्हर ओक किंवा आंबा चालेल. पाडलेल्या वाड्यांचा जुना साग विकणारी दुकानं आहेत, त्यात तुटलेले खिळे दडलेले असतात, चुंबक फिरवून घ्या. शेतावरचं झाड मात्र परस्पर तोडू नका. राज्यात १९६४ पासून वृक्षतोडीचा कायदा आहे आणि सागासारख्या झाडांना परवानगी लागते. चमच्यापुरती आंब्याची छाटलेली फांदी पुरते. ती ओली असतानाच कोरायची, सुकली की दगड होते.

टेबल लागत नाही. आपले सुतार जमिनीवर बसून, पायाच्या तळव्यांत लाकूड धरून काम करत आले आहेत आणि काका आजही तसेच बसतात. गुडघे तक्रार करत असतील तर बाभळीचा एक ओंडका पुरे. पटाशी चालवताना दुसरा हात कायम धारेच्या मागे, एवढं एकच कलम मी तंबूवर लिहून लावते. काढलेल्या वळ्या शेकोटीला उत्तम पेटतात. प्लायवूडचे तुकडे मात्र आगीत घालू नयेत, त्यातल्या गोंदाचा धूर वाईट. रात्री पिठलं-भाकरी आणि ठेचा. एकदा कुणीतरी कराओकेचं यंत्र आणलं होतं, ते कुणी उघडलं नाही, कारण सगळे नऊ वाजताच घोरत होते.

दुसऱ्यांदा येणाऱ्यांना काका स्टूल करायला लावतात, तीन पायांचं. चौथा पाय का नाही, असं सगळेच विचारतात. तीन पाय कुठल्याही उंचसखल जमिनीवर टेकतात, चौथा आला की एक कुठला तरी अधांतरी राहतो आणि मग माणूस आयुष्यभर पाय कापत बसतो. शेतात नांगरट झालेली असते. तिथे चार पायांचं स्टूल घेऊन बसणारा आतापर्यंत कुणी भेटला नाही.