ना तमालपत्र, ना मासळी

डिसेंबर लागला की टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोपासून ॲरिझोनातल्या टूसॉनपर्यंत चर्चच्या सभागृहांत, ग्रंथालयांत, वस्तीतल्या समाजकेंद्रांत तमालेसचे वर्ग भरतात. लांबलचक टेबलं, कोमट पाण्यात भिजत पडलेली कणसाची वाळकी पानं आणि घमेलंभर 'मासा'. तमाल म्हटल्यावर आपल्याला तमालपत्र आठवेल आणि मासा म्हटल्यावर मासळी, दोन्ही चूक. तमाल म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून, पानात गुंडाळून वाफवलेला पदार्थ. हा शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तमाल्ली'चा अवतार, आणि मासा म्हणजे स्पॅनिशमध्ये मळलेलं पीठ. एक असेल तर तमाल, अनेक झाले की तमालेस. आणि एकटा तमाल कुणी करत नाही. नाताळच्या सुमारास घरातली दहा-बारा माणसं मिळून दिवसभर शेकड्यांनी करतात, त्या बैठकीलाच 'तमालादा' म्हणतात. आजीच्या हातची चव आठवते, पण तिनं कृती कधी लिहून ठेवली नाही, अशांना या वर्गांचा आधार.

नवशिके पहिली चौकशी करतात ती सारणाची. तिखट लाल रश्श्यात शिजवलेलं डुकराचं मांस, हिरव्या चटणीतली कोंबडी, चीज आणि मिरचीचे काप, असं काहीही चालतं. खरी विद्या मात्र पिठात आहे.

मक्याचे वाळके दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवतात. चुना म्हणजे विड्याच्या पानाला लावतो तोच. किलोभर मक्याला साधारण १० ग्रॅम पुरतो. सकाळी दाण्यांची सालं सुटतात, ती धुऊन मका वाटला की पीठ छान बांधलं जातं. या मक्याला 'निश्तमाल' म्हणतात. चुन्याची दुसरी करामत डोळ्यांना दिसत नाही: मक्यात अडकून राहिलेलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होऊन अंगी लागतं. कोलंबसानंतर मका युरोपात गेला, चुना मागेच राहिला. मग उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांना पेलाग्रा जडला: कातडी सोलवटणं, जुलाब, बुद्धिभ्रंश. हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४पासून प्रयोगांनी दाखवलं. मेक्सिकोतल्या बायका ही काळजी शतकानुशतकं न बोलता घेत आल्या होत्या.

वर्गात पुढचा तास हातांचा. डुकराची चरबी हलकी होईस्तोवर फेसायची, त्यात मासा मिसळून पुन्हा फेसायचा. झालं की नाही हे कळायला सुपारीएवढा गोळा पाण्यात टाकतात. तरंगला तर पीठ तयार, बुडाला तर हात पुन्हा चालू. मग पानाच्या गुळगुळीत बाजूवर पीठ थापायचं, मध्ये सारण, कडा एकमेकींवर, टोक मुडपायचं. पहिले चार-पाच हमखास फुटतात. युकातान आणि वाहाकाकडे कणसाऐवजी केळीचं पान घेतात. आपल्याकडे हळदीच्या पानात पातोळ्या करणाऱ्या कोकणी-गोंयकार हातांना ही घडी जमायला वेळ लागू नये.

तमालेस उभे रचून तास-दीड तास वाफवतात. भांड्याच्या तळाशी एक नाणं टाकून ठेवतात: पाणी आहे तोवर ते खुळखुळतं, आवाज थांबला की पाणी आटलं. झाकण न उघडता पाण्याची खबर देणारी याहून स्वस्त युक्ती नसेल! रागावलेल्या माणसानं हात लावला तर तमाल शिजत नाही, असंही मेक्सिकन स्वयंपाकघरांत मानतात. त्यावर उतारा म्हणून भांड्याच्या कानांना पानांच्या पट्ट्या बांधतात.

घरी करून पाहायची हौस असेल तर साधं मक्याचं पीठ आणू नका. ते चुन्यातून गेलेलं नसतं, थापताना विस्कटतं. पिशवीवर 'मासा हरीना' लिहिलेलं हवं.

पान सहज सुटलं की तमाल झाला. पण ते सोडवायचं असतं, हे सगळ्यांनाच ठाऊक नसतं. एप्रिल १९७६मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड प्रचारासाठी सॅन अँटोनियोत आले आणि छायाचित्रकारांसमोर त्यांनी तमालचा पानासकट घास घेतला. पुढच्याच महिन्यात टेक्सासमधली पक्षांतर्गत निवडणूक ते रेगन यांच्याकडून हरले. दोष एकट्या तमालचा नव्हता, पण टेक्सासमध्ये तो किस्सा आजही सांगतात.