संगणकावरचा बाण ठळक कसा करावा



डिजिटल सहीचा सात-बारा मानोऱ्यात असो की घरी, संगणकावर काढता येतो. पण पांढऱ्या पडद्यावर माऊसचा बारीक पांढरा बाण उतारवयात सापडतच नाही. भलत्या गटावर टिचकी पडली, की शुल्काचे १५ रुपये गेले! इलाज फुकटचा आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग 'माऊस पॉइंटर अँड टच' उघडावे. पट्टी उजवीकडे सरकवली की बाण मोठा होतो. रंगांत 'इन्व्हर्टेड' घ्यावा, आमच्या मते तोच उत्तम. पांढऱ्यावर काळा अन् काळ्यावर पांढरा दिसतो. तरी हरवलाच, तर माऊसच्या 'पॉइंटर ऑप्शन्स'मध्ये शेवटच्या चौकटीत खूण करावी. मग कंट्रोल कळ दाबून सोडली की बाणाभोवती वर्तुळ उमटते. केंद्रचालकाला हे सांगायला संकोच करू नये, दोन मिनिटांचे काम आहे.