पत्ता खालून वाचा



आता तुम्हांला स्वतःच्या हाताने पत्र लिहिता येते. वर पत्ताही लिहिता येतो. पण ते पत्र नेमके आपल्या बहिणीच्या दारात कसे बरे पोचते? देशात माणसे कोट्यवधी. त्यांतून टपालखाते तिला शोधते कसे?

युक्ती सोपी आहे. आपण पत्ता वरून खाली लिहितो. आधी नाव, मग गाव, तालुका, जिल्हा आणि शेवटी राज्य. टपालखाते तोच पत्ता खालून वर वाचते. आधी राज्य पाहते, मग जिल्हा. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. त्यांतला एक धरला, की बाकीच्या ३५ जिल्ह्यांत शोधायला नको. मग तालुका, मग गाव. गावात पोस्टमन घर ओळखतोच. चार-पाच पायऱ्या, की पत्र पोचले!

मोबाईलवर माहिती शोधायचीही अशी एक रीत आहे. ती आज समजून घेऊ.

मोबाईलवर माहितीची जी ठिकाणे उघडतात, त्यांना संकेतस्थळे म्हणतात. संकेतस्थळ म्हणजे माहितीचे घर समजा. ही सोय १९९१ साली जगाला खुली झाली. आरंभी घरे थोडी होती. मग ती भराभर वाढली. कोणते घर कुठे आहे, हे कळेनासे झाले.

तेव्हा अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात दोन विद्यार्थी होते. एकाचे नाव जेरी यांग, दुसऱ्याचे डेव्हिड फिलो. १९९४ साली ते दोघे चांगल्या संकेतस्थळांची यादी करू लागले. यादी लांबत गेली. मग त्यांनी तिचे विभाग पाडले. आरोग्य एकीकडे, शिक्षण दुसरीकडे, बातम्या तिसरीकडे. विभागात पोटविभाग केले. त्या यादीला त्यांनी याहू हे नाव दिले. अशा विभागवार यादीला निर्देशिका म्हणतात. निर्देश करणे म्हणजे बोटाने दाखवणे. कोणते घर कुठे आहे ते दाखवणारी, ती निर्देशिका.

तिचा फायदा किती? हिशेब करून पाहा. समजा, पहिल्या पानावर दहा विभाग आहेत. प्रत्येक विभागात दहा पोटविभाग, आणि प्रत्येक पोटविभागात दहा संकेतस्थळे. दहा दाहे शंभर, शंभर दाहे हजार. हजार घरांतून हवे ते घर तुम्ही तीनदा बोट टेकवून गाठले!

१९९८ साली अशीच आणखी एक निर्देशिका निघाली. तिचे नाव डीमॉझ. ती हजारो स्वयंसेवकांनी विनामोबदला चालवली. तिच्यात ९० भाषांतली ३८ लाखांवर संकेतस्थळे नोंदलेली होती. कोणीतरी माणूस ते घर स्वतः पाहून यायचा आणि मगच त्याची नोंद व्हायची. हे फार महत्त्वाचे होते, बरं का.

पण संकेतस्थळे कोट्यवधी झाली. माणसाचे हात पुरेनात. तोवर गूगलसारखी शोधयंत्रे आली होती. शब्द टाकला, की ती क्षणात यादी पुढे करतात. लोक तिकडे वळले. याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस बंद झाली. डीमॉझ २०१७ साली बंद झाली.

मग निर्देशिकेचे काम संपले का? नाही. ऐका.

आमच्या शेजारचे एक भाऊ. मुलाला आखातात नोकरी लागायची होती. पासपोर्ट हवा होता. मुलाने मोबाईलवर पासपोर्ट हा शब्द टाकला. यादीत जे नाव सर्वांत वर आले, त्यावर बोट टेकवले. पान अगदी सरकारी दिसत होते. त्याने माहिती भरली, पैसेही भरले. महिना गेला, तरी निरोप नाही. शेवटी दोघे माझ्याकडे आले. मी पान पाहिले. ते संकेतस्थळ सरकारचे नव्हतेच! पैसे गेले आणि महिनाही गेला. भाऊ म्हणाले, "गुरुजी, आम्ही तर पहिलंच नाव धरलं हो!"

इथेच तर चूक झाली. शोधयंत्र शब्द जुळवून यादी देते. घरात कोण बसले आहे, याची खात्री ते देत नाही. शिवाय वरची काही नावे पैसे भरून लावलेल्या जाहिराती असतात. त्यांवर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असे लिहिलेले असते. वर आले ते खरे, असे समजू नये.

सरकारी कामासाठी निर्देशिका आजही आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र ही सरकारी संस्था ती ठेवते. तिचा पत्ता असा: आय-जी-ओ-डी डॉट जी-ओ-व्ही डॉट आय-एन. तिथे केंद्र सरकार, राज्ये, जिल्हे असे विभाग आहेत. एकेक पायरी उतरत जा. आपल्या जिल्ह्याचे खरे संकेतस्थळ सापडेल. मजकूर बराचसा इंग्रजीत आहे. म्हणून शाळेत जाणाऱ्या नातवाला किंवा नातीला शेजारी बसवा. त्यात लाज कसली?

आणखी एक खूण सांगतो. संकेतस्थळाचा पत्तासुद्धा शेवटाकडूनच वाचावा. पत्त्यात पहिली तिरपी रेघ येईल, तिच्या अलीकडचा भाग पाहा. आरंभी 'एचटीटीपीएस' आणि दोन रेघा दिसल्या, तर त्या सोडून द्या. त्या भागाच्या शेवटी 'आय-एन' म्हणजे भारत. त्याच्या आधी 'जी-ओ-व्ही' म्हणजे सरकार. त्याच्या आधी घराचे नाव. सरकारी पासपोर्टाचा पत्ता 'पासपोर्टइंडिया डॉट जी-ओ-व्ही डॉट आय-एन' असा आहे. 'जी-ओ-व्ही डॉट आय-एन' हा शेवट फक्त सरकारी संस्थांनाच मिळतो. पण तो शेवटीच असला पाहिजे. ही अक्षरे मध्येच कुठेतरी दिसली, तर फसू नका.

आणि फसवणूक झालीच, तर गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

शेजारच्या त्या मुलाने मग खऱ्या पत्त्यावर अर्ज केला. पासपोर्ट आला. आता घरात कोणी मोबाईलवर पैसे भरायला लागले, की भाऊ आधी विचारतात, "शेवट वाचलास का रे?"

तुम्हीही विचारत जा. अक्षरे शिकलात ती याचसाठी.